महाबलींचा बंदोबस्त

१४ फेब्रुवारी २०१०, रविवार
आजपासून रोजनिशी. सरकारी नोकरीत जन्मभर दुसऱ्यांच्या टिपणांवर सह्या केल्या, आता स्वतःचे विचार लिहिणार. विषय आजच मिळाला. रेवती संध्याकाळी बर्फी घेऊन आली. तिच्या नोएडातल्या स्टुडिओला अमेरिकन सिनेमाचं काम मिळालंय. ‘लोहे के महाबली’चा दुसरा भाग, मे महिन्यात येणार. दहा मजली रोबो एकमेकांना बुकलतात आणि मधल्या मध्ये शहराचा चुरा होतो, एवढीच कथा. पहिल्या भागात सगळं मोडून झालं, आता उरलंय काय?

तिचं काम काय, विचारलं. म्हणाली, शूटिंगमध्ये वायरी, क्रेन वगैरे दिसतात, ते कॉम्प्युटरवर एकेक फ्रेम घेऊन पुसायचं.

म्हणजे खोडरबर! फिजिक्समध्ये फर्स्ट क्लास मिळवलेली माझी मुलगी अमेरिकेच्या वायरी पुसते.

संकल्प: सिनेमा लागायच्या आत तिला तिथून बाहेर काढणे.

बर्फी चांगली होती.

२० फेब्रुवारी
ऑफिसातल्या विलास टिपणीसशी बोललो. बँकेची परीक्षा सोपी असते म्हणे. त्याचा मुलगा पास झाला, म्हणजे असणारच. जाडजूड गाइड आणून रेवतीच्या टेबलावर ठेवलं.

२३ फेब्रुवारी
गाइड वापरात आहे. लॅपटॉप उंच करायला.

२८ फेब्रुवारी, रविवार
शत्रूचा अभ्यास हवा. अट्टा मार्केटमधून पहिल्या भागाची सीडी आणली. रेवती भडकली. ‘बाबा, ही पायरेटेड आहे. तुम्ही आमच्या पोटावर लाथ मारताय!’ मराठीत पोटावर पाय आणणे म्हणतात, हे तिला समजावून सांगितलं. मूळ मुद्दा बाजूला पडला, बरं झालं.

सिनेमा पाहिला. रोबो पेट्रोल कुठे भरतात ते शेवटपर्यंत दाखवत नाहीत. निव्वळ बावळटपणा.

३ मार्च
सीडी पुन्हा पाहिली. पेट्रोलबाबत खात्री केलेली बरी.

७ मार्च
पुन्हा. म्हातारा निळा रोबो समुद्रात बुडतो, तिथे साधना म्हणाली, अहो, रडताय की काय? म्हटलं, मेट्रोच्या बांधकामाची धूळ. ती म्हणाली, मेट्रो सुरू होऊन चार महिने झाले. धूळ इतक्या लवकर बसत नसते, पण हिला कोण सांगणार.

१६ मार्च, गुढीपाडवा
इथल्या मराठी मंडळात माझं व्याख्यान. ‘परदेशी यंत्रासुर आणि आपली पिढी’. सुरुवात दणदणीत. मग पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारलं, लाल आणि निळ्यात जिंकेल कोण? शास्त्रीय उत्तर देणं भाग होतं. लाल रोबोचा डावा खांदा कच्चा आहे, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. प्रात्यक्षिक दाखवताना समईला किंचित धक्का लागला. विलास वेळ संपल्याची घंटी वाजवत राहिला. त्याला विज्ञानाचं वावडं. संस्कृतीचा भाग राहून गेला, पण एकूण परिणाम चांगला झाला असावा.

रेवती मागे बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. नंतर म्हणाली, बाबा, मस्त बोललात. तिला म्हटलं, हा उपहास पुरे. तिनं विचारलं, उपहास म्हणजे, आज उपास आहे का? दिल्लीत मुलं वाढवली की हे असं होतं.

८ एप्रिल
रेवती घरी येते ती लाल डोळ्यांनी. जेवताना बोलत नाही. विचारलं की म्हणते, शॉट अवघड आहे, दाखवता येत नाही, कंपनीचा नियम. जन्मदात्या बापाला नियम! आता निर्णायक पाऊल. तिच्या स्टुडिओत फोन करून मॅनेजरला कळवलं की महिनाअखेर ती नोकरी सोडते आहे. ती आधीच दमलेली, तिला कशाला त्रास द्यायचा.

११ एप्रिल, रविवार
‘बाबा, तुम्ही माझ्या ऑफिसला फोन केलात?’
‘तुझ्या भल्यासाठी.’
‘माझ्याकडून शॉट काढून घेतला त्यांनी. मला वाटलं, माझंच काम खराब झालं. तीन दिवस मी विचार करतेय, कुठे चुकले.’
मी म्हणालो, ‘वायर पुसण्यात चांगलं काय आणि खराब काय?’

यावर ती सरळ उठली. युक्तिवाद बिनतोड होता. मग आत जाऊन बॅग भरली. ऑफिसजवळ पीजीमध्ये राहणार म्हणे, मैत्रिणीबरोबर. साधनानं अडवायचं सोडून तिला लोणच्याची बरणी दिली.

दोन-चार दिवसांत येईल. पीजीतली डाळ झेपणार नाही तिला.

२ मे, रविवार
डाळ झेपलेली दिसते.

साधना दर रविवारी डबा घेऊन जाते. मला ‘येताय का’ विचारत नाही. मीही विचारलं नाही.

४ मे
मॅनेजरला पुन्हा फोन. फक्त रेकॉर्ड दुरुस्त करायला. गैरसमज झाला होता, असं सांगितलं. कुणाचा ते सांगितलं नाही. तो म्हणाला, ‘सर, वो तो रेवती ने पता चलते ही बता दिया था. शॉट भी वापस दे दिया. आपकी बेटी बहुत अच्छी आर्टिस्ट है, बस आप प्लीज फोन मत किया कीजिए.’

शेवटच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग साधनाला वाचून दाखवल्यासारखा ऐकवला. दोनदा.

२० मे
उद्या सिनेमा लागतोय. सगळीकडे पोस्टर. न बघण्याचा निर्णय पक्का.

२१ मे, शुक्रवार
ऑफिसला अर्धी रजा. बाहेर ऊन असं की मॉलमध्ये शिरणं प्रकृतीसाठी आवश्यक होतं. आत शिरलोच होतो, तर तिकीट काढलं.

सिनेमा फालतू. पण लक्ष लागेना. प्रत्येक ठिकाणी वाटे, इथे वायर असेल का? कुठे क्रेन उभी असेल? काहीच दिसत नव्हतं. मग पुलावरचा प्रसंग आला. लाल रोबो कोसळणारा पूल खांद्यावर तोलून धरतो. पाऊस, वीज, सगळं थिएटर गप्प. हे तिचंच असणार. एवढं स्वच्छ दुसरं कोण पुसणार? शेजारच्या तरुणाला म्हटलं, ‘ये मेरी बेटी ने किया है.’ तो म्हणाला, ‘रोबोट?’ म्हटलं, ‘नहीं, जो नहीं दिख रहा, वो.’

‘अंकल, जो दिख रहा है वो तो देखने दो.’

असंस्कृत शहर.

बाहेर आल्यावर रेवतीला फोन लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हटलं, सिनेमा बकवास आहे. पण तो पूल तू जबरदस्त केलास. आणि ते ऑफिसला फोन वगैरे, तसं करायला नको होतं मी.

ती म्हणाली, ‘बाबा, पूल तर पूर्ण कॉम्प्युटरवर बनवलाय. तिथे पुसायला काही नव्हतंच. माझा शॉट इंटरव्हलनंतर लगेच. म्हातारी बाई खिडकी बंद करते आणि मागून रोबो जातो. पाहिलात ना?’

इंटरव्हलनंतर लगेच मी समोशाच्या रांगेत होतो.

‘पाहिला,’ म्हणालो. ‘खिडकी छान पुसलीयस.’

हसायला लागली. थांबेचना. रविवारी जेवायला ये म्हटलं, तर म्हणाली, बघते.

रात्री ९
मल्टिप्लेक्सला फोन करून चौकशी केली. फक्त इंटरव्हलनंतरचा भाग बघायचा असेल तर अर्धं तिकीट मिळत नाही. नालायक लोक. उद्या सकाळच्या शोचं पूर्ण काढलं.