पागेतली कन्याशाळा

६ जुलै १९३६
पुण्याची हेडमिस्ट्रेसची नोकरी सोडून पारोळ्याजवळच्या या मळ्यावर येऊन महिना झाला. आज निश्चय केला. सासऱ्यांची जुनी पागा म्हणजे आयती कन्याशाळा. दगडी कमानी, उंच झरोके, भिंतीलगत गव्हाणी. गव्हाणीवर फळी टाकली की बाक. घोड्यांच्या कड्यांना दप्तरं. बांधणाऱ्याच्या डोक्यात शिक्षणच असावं.
२७ तारखेला धुळ्याहून इन्स्पेक्टर येतात. त्यांची मंजुरी मिळाली तरच शाळा.

९ जुलै
झिपरू मोतद्दार विचारतो, घोडी कुठे नेऊ? सांगितलं, कुठेही, पण उद्याच. मी एकदा बोलले की बोलले.

११ जुलै
घोडी शेवटच्या खणात राहील. मुलींना प्राणिशास्त्र.

१६ जुलै
गावात भाषण दिलं. स्वयंपाकाच्या झुंबरबाईला शंका होती. आज बायका आपण होऊन आल्या आणि पागा सारवून गेल्या!

२१ जुलै
बायकांनी चुनाही लावला. कमानीला तोरण. घरोघर गहू दळताहेत, बहुधा मुलींच्या खाऊसाठी. शिक्षणाची एवढी भूक पुण्यातही पाहिली नाही.

२६ जुलै, रविवार
मधल्या कमानीत कानबाई बसवली आहे. देवी. पुण्याला हा प्रकार नाही. झुंबरबाईला जाब विचारला. म्हणाली, "अक्का, बठ्ठी भाऊबंदकी येई. एवढी जागा गावमा आखो कोठे शे?"
मी परवानगी दिली. कोणी मागितली नव्हती.

२७ जुलै
साहेब आले तेव्हा सगळी भाऊबंदकी गव्हाणींवर बसून त्याच दळलेल्या गव्हाचे, प्रसादाचे रोट खात होती. साहेब सकाळपासून उपाशी. त्यांनी हात पुढे केला. भाऊबंदकीतले थोरले सुकदेव नाना, त्यांनी ताट मागे ओढलं. "राग मानू नका साहेब. रोट भाऊबंदकीनाच शे. परक्याले चालत नही."
भुकेल्या माणसाला वास्तुकला दाखवता येत नाही. कमानींपर्यंत पोचलोच नाही. शेवटी माझ्या दोन खोल्यांच्या बंगलीत जेवले, चौफेर पाहिलं आणि म्हणाले, शाळेला याच खोल्या मंजूर, पागा नाही. अट एकच, बिऱ्हाड दुसरीकडे हलवावं.
म्हणजे मंजुरी मिळवली.

१७ ऑगस्ट
शाळा जोरात. आज साहेब पुन्हा आले. पहिल्या बाकावरच्या मुलीला त्यांनी विचारलं, तुमच्या बाई कुठे राहतात?
ती उठून उभी राहिली, हाताची घडी घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पागामा. घोडीना शेजारे."
उभं राहणं उत्तम. आवाज उत्तम. शिक्षणाचा परिणाम दिसू लागला आहे.