सासऱ्यांच्या माश्या आणि माझं मॅनेजमेंट

२ जून
ठराव: आजपासून मधमाश्यांकडे जातीनं लक्ष. सासरे गेले आणि गावच्या टेकडीवरच्या सामाईक मोहोळघरातला त्यांचा कप्पा माझ्या बायकोकडे, इज्जाकडे, म्हणजे अर्थातच माझ्याकडे आला. माश्या राहतात त्या नळ्यांपैकी दुष्काळात एकच जिवंत राहिलीय. बोरूची, शेणामातीनं लिंपलेली. गावचा नियम असा की मध काढायच्या दिवशी ज्याचा कप्पा मेलेला निघेल त्याचा हक्क गेला, पंच तो दुसऱ्या घराला देतात. इज्जाचा चुलतभाऊ बेलईद टपून बसलाय. बसू दे. मी आयुष्यभर कासाब्लांकात किराणा दुकान चालवलंय. नोकरमाणसं सांभाळली, माश्या किस झाड की पत्ती!

५ जून, दुपार
टेकडी चढलो. (अर्धी. गुडघा.) उरलेली दा याहियाच्या गाढवावरून. दा याहिया म्हणजे तिथला राखणदार. ऊन डोक्यावर आलं तरी आमच्या माश्या आतच! शिस्त नाही. दा याहिया म्हणे, थाइमची झुडपं करपलीयत, रानात फूल नाही, बाहेर जाऊन करतील काय बिचाऱ्या. सबबी. माझे नोकरही हेच सांगायचे.

९ जून
आयडिया! दुकानात मरगळ आली की मी सगळ्यांना जादा चहा पाजायचो. लगेच हात चालायचे. घरी रोज किटलीभर पुदिन्याचा चहा उरतो. त्यात साखरेची सुळक्यासारखी अख्खी ढेप टाकली, आटवला. दुपारी दा याहिया घोरत होता. नळीचं मागचं झाकण काढून वाडगा आत सरकवला. सगळ्यांसमक्षच नळी उघडायची असा एक जुनाट नियम आहे म्हणा. पण मी उघडली कुठे? चहा दिला. थोडा बाहेर सांडला, चालायचंच.

१० जून
यश! तोबा गर्दी. नळीच्या तोंडाशी ढकलाढकली, दारातच कुस्त्या. कामाचा उत्साह म्हणतात तो हा. दा याहियाला मुद्दाम दाखवलं. म्हणाला, मुबारकशेठ, भांडतायत वाटतं. पोटदुखी, दुसरं काय.

१३ जून
आता रोज दोन किटल्या. इज्जानं विचारलं, साखर जाते कुठे? पाहुणे येतात, म्हणालो. नळीखाली पुष्कळ माश्या मरून पडल्यात. कामचुकार असणार. चांगल्या फर्ममध्ये छाटणी होतेच. बेलईद वाटेत भेटला. म्हणे, दाजी, दारात एवढी गर्दी, लग्न आहे की मयत? नुसता हसलो. मध निघू दे, मग दात दाखव.

२० जून
गेलो नाही. (गुडघा.) सारखं डोक्यावर बसलं की स्टाफ बिघडतो. इज्जाला सांगून टाकलं, दहा लिटर तरी धर. तिनं वडिलांची मोठी बरणी घासूनपुसून उन्हात ठेवली. सासरे गेल्यापासून पहिल्यांदाच तिला गुणगुणताना ऐकलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२८ जून, संध्याकाळ
मध काढायचा दिवस. सगळं गाव टेकडीवर. पहिला घास पंच जवाच्या भाकरीशी चाखतात. बेलईदचा मध आधी. पंचांतल्या हाज मंसूरांनी घास तोंडात घातला, चघळला, थांबले. म्हणाले, ह्यात पुदिना आहे. शेजारचा चाखला. पुदिना. त्याच्या पलीकडचा. पुदिनाच. बायका म्हणाल्या, आता नुसतं गरम पाणी ओता, झाला चहा! एकानं विचारलं, ह्या दुष्काळात पुदिना फुलला कुणाकडे? मी समोरचे डोंगर बघत होतो.

शेवटी आमची नळी. पोळी कुरतडलेली. मध नाही, राणी नाही, एक माशी नाही. मेणाचा भुसा आणि एक वाडगा. इज्जानं वाडगा ओळखला. मग दहा जणांनी एकदम मला समजावलं. साखरेच्या वासानं सगळ्या टेकडीच्या माश्या आमच्याकडे लुटायला आल्या, आधी चहा नेला, मग मध, अडवायला गेल्या त्या आमच्या मेल्या. ती गर्दी आमची नव्हतीच. असो. पाहुणचारात मुबारक कमी पडला असं तरी कुणी म्हणणार नाही.

इज्जा ओरडली नाही. रिकाम्या नळीवर हात ठेवून बसून राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

३० जून
पंचांचा निकाल. कप्पा गेला म्हणून मी मान खाली घातली, तर बेलईद उठला. म्हणाला, काकांची जागा बळकावायला मी काय शहरातला दुकानदार आहे? त्यानं आपल्या माश्यांतून एक नळी इज्जाला वाटून दिली. पंचांनी कप्पा तिच्या नावावर कायम केला. अट एकच: मुबारकनं टेकडीवर पाऊल ठेवायचं नाही. माझ्या गुडघ्याचा पंचांनीसुद्धा विचार केला, हे विशेष.

७ जुलै
इज्जा रोज संध्याकाळी टेकडीवर जाते, अंधार पडल्यावर परतते. आज विचारलं, तिथे एवढा वेळ माश्यांशी बोलतेस तरी काय? म्हणाली, तुमचं वर्णन सांगते. चेहरा, चाल, टोपी. दिसलात तर सोडायचं नाही म्हणून.

म्हणजे टेकडीवर अजून माझंच नाव चालतंय.