बोटभर लांब

अण्णा, तुमच्या जीपचा चासी नंबर मी गेल्या महिन्यात नाण्यानं खरवडून काढला. त्या पट्टीवर तुम्ही तीनदा रंग मारून ठेवला होता. नंबरची गरज तुम्हाला कधी पडलीच नाही. गाडीचा कुठलाही भाग बदलायचा झाला की तुमची एकच पद्धत: जुना भाग काढायचा, फडक्यात गुंडाळायचा, परभणीत दुकानदाराच्या फळीवर आपटायचा आणि म्हणायचं, असाच दे. मी कधी गाडीचं नाव, वर्ष सांगू लागलो की तुम्ही मला थांबवायचात. तोंडानं सांगू नको, नमुना दाखव, लोखंड खोटं बोलत नसतं. वक्तृत्वाची बक्षिसं घरी आणणाऱ्या पोराला तोंड बंद ठेवायला सांगताना तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं, ते मी विसरलेलो नाही. तुमच्या फोटोला घरात हार आहे. तो मी घालत नाही, हेही सांगून ठेवतो.

जीप बाहेर काढली ती माझ्या मुलीनं. तुम्ही गेल्यापासून गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होती. मुलीनं बॅटरी घातली, टायर बदलले आणि चार दिवस चालवून मला म्हणाली, "बाबा, खड्ड्यात दणका बसला की गाडी डावीकडं ओढायलीय." माझ्या तोंडून तुमचं वाक्य आपोआप निघालं. गाडी ओढत नसते, हात ढिला असतो. ती चिडली नाही. तिनं किल्ली माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, आधी चालवून बघा, मग बोला. पिंगळीच्या अलीकडे रस्ता उखडलेला आहे. पहिल्याच खड्ड्यात स्टिअरिंग माझ्या मुठीत फिरलं आणि चाकं कडेच्या बाभळीकडं निघाली. अण्णा, मी दोन्ही हातांनी धरलं होतं. माझा हात ढिला नव्हता.

मिस्त्रीनं खाली शिरून सांगितलं की ड्रॉप आर्मच्या खाचा गेल्यात. स्टिअरिंगच्या पेटीतून खाली लोंबणारा वीतभर लोखंडी हात, तो ड्रॉप आर्म. तो पुढचा दांडा ढकलतो आणि दांडा चाकं वळवतो. मी तुमचाच मुलगा. जुना आर्म फडक्यात गुंडाळला आणि परभणीला त्याच दुकानात गेलो. तेव्हा बापाशेजारी स्टुलावर बसणारा दुकानदार आता स्वतः पांढऱ्या दाढीचा झाला आहे. त्यानं फडकं उघडलं, आर्म हातात फिरवला आणि परत गुंडाळून माझ्याकडं सरकवला. "नमुना राहू द्या, साहेब. चासी नंबर आणा." म्हणून ते खरवडणं. दुसऱ्या दिवशी नंबर घेऊन गेलो, तेव्हा त्यानं तेलानं काळी पडलेली एक जाड वही काढली, बोटानं ओळी उतरत गेला आणि आठ दिवसांनी आर्म मागवून दिला. दोन्ही फळीवर शेजारी ठेवले. तुमचा एक बोट लांब होता.

त्यानं मला शाळकरी पोराला समजवावं तसं समजावलं. आर्म लांब असला की पुढचा दांडा तिरका बसतो. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. दणका बसला, स्प्रिंगचे पाटे दबले, की तोच दांडा चाकाला स्वतःहून वळवतो. चालवणारा कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मूळचा आर्म तुटल्यावर तुम्ही भंगारातून दुसऱ्याच गाडीचा उचलून बसवला होता, आणि पुढं प्रत्येक खेपेला त्याचाच नमुना दुकानात आला. शेवटच्या खेपेला तो मीच आणला होता. लोखंडानं इमानेइतबारे तुमची चूक पुन्हा पुन्हा करून दिली. पण माझं डोकं फिरलं ते पुढच्या वाक्यानं. दुकानदार म्हणाला, "माझ्या अब्बांनी पहिल्याच खेपेला सांगितलं होतं तुमच्या वडिलांना, हा ह्या गाडीचा नाही. ते म्हणले, बसला ना? मग आमचाच."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. ताडकळसच्या बाजाराच्या आधीपासून माहीत होतं.

तो दिवस मी तुम्हाला पुन्हा दाखवणार आहे, कारण तुम्ही मरेपर्यंत त्याकडं पाहिलं नाही. सकाळ आहे, तुम्ही पुढं बसला आहात, मी मागं. गाडी चालवणारा पिंगळीचा, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, तुमच्याकडं चार वर्षं राबलेला. तो वाटेत दोनदा सांगतो की दणका बसला की गाडी डावीकडं ओढायलीय, दुरुस्त करून घेऊ. दोन्ही वेळा तुम्ही तेच वाक्य फेकता. बाजाराच्या तोंडाशी नळकांडी पुलाचा दणका बसतो आणि जीप माठवालीच्या दुकानात शिरते. सगळी मडकी फुटतात, तिच्या पायाला लागतं. माणसं जमतात. तुम्ही उतरता, तिच्याकडं न बघता त्याच्याजवळ जाता, आणि शंभर माणसांसमोर त्याचं तोंड हुंगता. वास नव्हता, अण्णा. तुम्ही किल्ली काढून घेतलीत आणि म्हणालात, ह्या लोकांच्या हातात गाडी दिली हीच माझी चूक. कोणत्या लोकांच्या, हे विचारायची गरज बाजारात कोणालाच पडली नाही. तो माझ्याकडं बघत होता. सकाळचं त्याचं बोलणं ऐकलेला तिसरा माणूस मीच होतो. त्याच महिन्यात समता या विषयावर मी पहिला आलो होतो. मी पायाखालची खापरं बघत उभा राहिलो.

दोन्ही आर्म घेऊन मी पिंगळीला त्याच्या घरी गेलो. जय भीम घातला, त्यानंही घातला आणि बाज पुढं ओढली. त्यानं जुना आर्म हातात तोलला. "हाच," एवढंच म्हणाला. नव्याला हात लावला नाही. त्या बाजारानंतर त्याला कोणी गाडीवर बसवलं नाही. मोंढ्यात पोती उचलण्यात त्याची पाठ गेली, आणि हमालांनी तिथं त्याचं नाव पाडलं, ढिल्या. त्याच्या नातवाला शाळेत आजही ढिल्याचा नातू म्हणतात, हे त्याच्या बायकोनं चहा ठेवता ठेवता सांगितलं. वर म्हणाली, लय मोठाली भाषणं देतेत म्हणं तुमी, आमच्यापत्तुर आवाज न्हाई आला कधी. मी माफी मागितली. शब्द चांगले निवडले होते. त्यानं ते पूर्ण होऊ दिले.

"तोंड हुंगलं बाजारात," तो म्हणाला, "आन माफी घरात कामून मागायलाव? तुमचं तर बोलायचंच काम हाय. तितंच बोला. नातवासाठी बोला."

मी शब्द दिला. पुढच्याच बाजारी ताडकळसला माझी सभा होती.

तो आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून एका दुकानाच्या पायरीवर बसला होता, शेजारी नातू. जुना आर्म माझ्या पिशवीत, पिशवी पायाशी. मी तासभर बोललो. माणसाला माणसाच्या खाली ठेवणाऱ्यांची सालटी काढली, जमिनीच्या माजावर बोललो, 'ह्या लोकांच्या' या दोन शब्दांत किती पिढ्यांचं विष आहे ते सांगितलं, आणि एकही शब्द खोटा नव्हता. फक्त त्यात तुमचं नाव नव्हतं. वाकून पिशवीला हात घातला, तेव्हा पहिल्या रांगेत तुमच्या वेळचे तिघं म्हातारे दिसले. एकजण शेजाऱ्याला म्हणत होता, अण्णाचा पोरगा हाय, बोलणारच. मी हात रिकामा वर घेतला. सभेचा शेवट करायचा होता, आणि माझ्या सभांचा शेवट तीस वर्षं एकाच वाक्यानं होतो. परिस्थितीला दोष देणाऱ्यांना मी ते सुनावतो. गावोगावी सुनावलं आहे, सोनपेठला तर लोकांनी ते भिंतीवर रंगवलं आहे. गाडी ओढत नसते, हात ढिला असतो.

तो उठला, नातवाचं बोट धरलं आणि बाजार आटोपल्यावर माणूस जातो तसा निघून गेला.

मुलीनं नवा आर्म बसवून घेतला आहे. जीप आता खड्ड्यातही सरळ जाते. तुमचा आर्म मी गोठ्यातल्या खिळ्याला लटकवला होता, तो तिनं काढून माझ्या टेबलावर आणून ठेवला. हे पत्र मी त्याच्याखाली दाबून ठेवणार आहे. तुमच्यापर्यंत ते जात नाही, आणि ज्याच्यापर्यंत जायला हवं त्याला कागद नको आहे. ताडकळसचा बाजार दर आठवड्याला भरतो. त्यानंतर दोन भरून गेले.

तुमच्यावर एवढं ओरडून झाल्यावर एक गोष्ट उरते. ते वाक्य तोंडातून गेलं आणि टाळ्या पडल्या, तो पायरीवरून उठत होता हे मला दिसत होतं, आणि तरी त्या टाळ्या मला गोड लागल्या.