तुटक्या बोटाची घार

माहीम, १२ एप्रिल १९५९

धर्मादादा,

जयभीम. तुझ्या दारावरची उसन्या आडनावाची पाटी बघता हा शब्द वहिनींपासून लपवावा लागेल, म्हणून पत्र हापिसच्या पत्त्यावर टाकतोय.

मी मजेत. रे रोडची लाकडाची वखार सोडली, पुन्हा माहीमच्या कोळीवाड्यात दोस्त लवूकडे लोळतोय. त्याच्या माडावर घारीचं घरटं आहे. पांढरं डोकं, विटकरी पंख, काय रुबाब! ब्राह्मणी घार म्हणतात तिला, हसू नकोस. लवूची आजी सुभद्रा तिला रोज हात जोडते, टोपलीतला पहिला मासा तिचा.

दोन वर्षांमागे मी इथेच होतो, तेव्हा त्याच घरट्यातून पिल्लू उतरलं. सगळं तपकिरी, उकिरड्यावरच्या साध्या घारीसारखं. वाळत घातलेल्या बोंबलांवर उतरलं की म्हातारी शिव्या द्यायची. एकदा दगड मारला, पायाचं बोटच तुटलं.

मी म्हटलं, "आजी, तुझ्या त्या घारीचंच पोर ते."

"ती रानी, नि हा चोरटा तिचा पोर? चल, मला शिकवतो!"

यंदा त्या पोराचं डोकं पांढरं झालं. आता म्हातारी त्याच तुटक्या बोटापुढे हात जोडते. रंग पांढरा दिसला की माणसं एवढी बावळट का होतात रे? तुला ठाऊक असेल. पाखरू मात्र रंग पालटूनही त्याच माडावर येतं, आईशेजारी बसतं.

ते राहू दे. तुझ्या बहिणीचं, मंजुळाचं लग्न ठरलं. पुढच्या रविवारी, वरळीला, आपल्या बीडीडी चाळीसमोर, बौद्ध पद्धतीने. आई म्हणते, धर्माला कळव, तो आल्याशिवाय मी मांडवात बसणार नाही.

शिवाजी पार्कच्या सभेहून येताना तिला तहान लागली, म्हणून मीच तिला दादरला तुझ्याकडे आणलं होतं. तू दार अर्धंच उघडलंस. आतून वहिनींनी विचारलं, "कोण आलंय हो?"

"कुणी नाही गं. ओळखीची बाई आहे."

मी जिन्याखाली बिडी ओढत होतो. ऐकलं. आई पाणी न पिताच उतरली, म्हणाली, "धर्मा घरी नव्हता." आजही सगळ्यांना तेच सांगते. थू तुझ्या पाटीवर.

ये. आईसाठी ये. मी तमाशा करणार नाही. कुणी विचारलंच तर सांगेन, कुणी नाही, दादरचे ओळखीचे आहेत.

तुझ्या ओळखीच्या बाईचा धाकटा मुलगा,
जगन