काळ्या पट्ट्यातला शंख

१४ नोव्हेंबर १९५८
आलो एकदाचा! कट्टा गावी एसटी सोडली, भजी खाल्ली, एका माणसाची बैलजोडी बघत बसलो, आणि खाडीकाठच्या या वाडीत पोचायला ऊन कललं. नोकरी झकास आहे: चिखल धुवायचा! पुण्याचे साहेब खाडीत नळी ठोकून चिखलाचे थर काढतात. मी ते चाळतो, भिंगाखाली धरतो. रव्याचा कण वाटावा, आणि निघतो शंख! आल्या आल्याच फुंकर मारून मी चारदोन उडवले, साहेब ओरडले. मुक्काम काशीबाईंकडे. पडवी, माजघर, स्वयंपाकघर, संपलं घर. मासे सोडून चिखल कित्याक गाळतस रे मेल्या, असं त्यांनी विचारून झालं.

१९ नोव्हेंबर
साहेबांनी समजावलं. शंखातला जीव वाढतो तसा कप्प्याला कप्पा जोडत जातो आणि स्वतः नव्या कप्प्यात सरकतो. पाणी चांगलं तर कप्पे गोल, मोठे. पाणी बिघडलं, जीव गुदमरला, की कप्पे खुजे, वाकडे. जुन्या काळचा गुदमर असा शंखात राहतो. (मधेच शेजारच्या महादूच्या होडीत जाऊन आलो. वल्हं हातचं गेलं.) आमच्या चिखलात मधे मधे काळे पट्टे आहेत, त्यांतले सगळे शंख वाकडे. ताजा काळा थर मात्र अजून मिळालेला नाही. मी मिळवला, तर साहेब पुण्याला कायमचं ठेवून घेणार. आजवर एकाही नोकरीत मी दिवाळीपर्यंत टिकलेलो नाही.

२६ नोव्हेंबर
देवाचा कौल झाला, गावपळण! सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर झोपड्या घालून राहणार. गुरं, कुत्री, कोंबड्यासुद्धा न्यायच्या. साहेब सावंतवाडीला गेलेत. काशीबाईंना काळे पट्टे दाखवले तर म्हणाल्या, ती गावपळणीची सालां. गाव ज्येचो आसा त्येका मोकळो करून देवचो. महादू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ह्या शंकऱ्याक बांधून न्हेया, नायतर चिखलातच बिऱ्हाड करतलो. सगळे हसले. मीही. पण ताजा थर मिळाला तर आत्ताच मिळेल ना!

२८ नोव्हेंबर
गाड्यांमागून निघालो आणि वळणावरून गुपचूप परतलो. गावात कावळासुद्धा नाही. कुर्ल्यांची बिळं रिकामी. ओहोटीला चिखलावर काळी साय धरली होती, डबाभर घेतली. शंख जिवंत! वाकडे. आणि बघता बघता भिंगाखाली नवा कप्पा बांधताहेत. पुणं पक्कं!

२९ नोव्हेंबर
स्वयंपाकघरापलीकडे एक खोली आहे. काल तिथे भिंत होती, काशीबाईंची सुपं टांगलेली. खोली बुटकी, एका अंगाला कललेली. भिंती पांढऱ्या, गुळगुळीत, ओल्या. दार दिसलं की आत जायचं, ही माझी खोड — गेलो. मागे पाहिलं तर पडवी नाही. माजघरही चुन्यासारख्या कशाने भरत आलंय.

दुपारी
स्वयंपाकघर बुजलं. पुढे आणखी एक खोली. वाकूनच बसावं लागतं. हाका मारल्या. पण गाव वेशीबाहेर — मुद्दामच बाहेर —

श्वास पुरत नाही. मागची भिंत पाठीला लागली. सरकलो. परत सरकलो. आता गुडघे हनुवटीला —

दिवस कळत नाही
काशीबाई परत येतील, भिंत जागेवर असेल, सुपं टांगलेली. मी पळालो म्हणतील. पळतोच मी नेहमी —

साहेब, पुढच्या काळ्या पट्ट्यात रव्याचा कण दिसेल. वाकडा. भिंग धरा. फुंकर मारू नका, मी आत