सेकलेल्या भाकऱ्या

रविवार, ११ जानेवारी, ग्वाल्हेर

दुपारपासून एकच शब्द डोक्यात घोळतोय. आज तिघरा धरणावर सहलीला गेलो होतो. तीन दगड मांडून, काटक्या पेटवून मी मक्याच्या भाकऱ्या केल्या. मक्याचं पीठ हट्टी, गरम पाण्यात नीट रगडलं नाही तर भाकरी उचलतानाच मोडते. माझी एकही मोडली नाही.

“घ्या ताई, आत्ताच सेकलीय,” मी पुण्याहून आलेल्या नणंदेला म्हटलं.

त्या सगळ्यांदेखत हसल्या. “अगं, शेकतात ती कंबर! भाकरी भाजतात. तुम्हा ग्वाल्हेरकरांचं मराठी म्हणजे ना…”

मी गप्प का बसले? पाहुण्या म्हणून? आमच्या पाच पिढ्या इथे हिंदीच्या शेजारात गेल्या. आई जन्मभर भाकरी सेकतच आली. तिला चुकीची ठरवू? मुळीच नाही. ही वही माझी आहे आणि इथे मी लिहिणार: आज मी भाकऱ्या सेकल्या. सेकल्या!

आणि ताई? तीन खाल्ल्या. चौथी मागताना हात पुढे करून, अगदी नकळत म्हणाल्या, “ही जरा कडक सेक हं.”

मी हसले नाही. कडक सेकली.