राखीपौर्णिमेचा भाव

मी, अवंतिका विष्णुपंत आठल्ये, वय ५७, राहणार राइट टाउन, जबलपूर, शाळेत संस्कृत शिकवणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कुणी धमकावल्यामुळे किंवा फुसलावल्यामुळे लिहीत नाही. एका माणसाने दोन्ही करून पाहिले. त्याचे नाव तिसऱ्या कलमात येईल. येत्या सोमवारी माझे पित्ताशय काढायचे आहे. ते गेले तरी पित्त शाबूत राहील असे डॉक्टर म्हणतात. संबंधितांनी याची नोंद घ्यावी. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे सापडलेच, तर ते माझे नव्हे.

कलम १. राइट टाउनमधला दोन खोल्यांचा फ्लॅट मी माझ्या पगारातून घेतला आहे. त्यात वडिलांचा किंवा भावाचा पैसा नाही. तो माझी वहिनी, सौ. बेबी नीलकंठ आठल्ये, हिला तिच्या एकटीच्या नावावर द्यावा. स्कूटरही तिलाच द्यावी. वयाच्या पन्नाशीत ती माझ्याकडे येऊन स्कूटर शिकली. "ताई, ह्यांना सांगू नका," म्हणाली होती. मी सांगितले नाही. आता ते कायदेशीर कागदातच आले, त्याला इलाज नाही. माझ्या भावास या फ्लॅटमध्ये मुक्काम करायचा असल्यास वहिनीची परवानगी घ्यावी.

कलम २. माझे वडील विष्णुपंत कारखान्यात चार्जमन होते. १९९१ साली त्यांनी 'सप्तधारा पंप्स' या कंपनीचे शेअर घेतले आणि त्या दिवसापासून रोज तिचा बंद भाव पंचांगाच्या समासात, तिथीच्या शेजारी, लिहायला सुरुवात केली. वेगळी वही घेतली नाही. तिथी, वार आणि भाव एका ओळीत असले की दिवस पुरा कळतो, असे ते म्हणत. बाजाराला सुटी असली की तिथे छोटी आडवी रेघ. कंपनीने लाभांश दिला, एका शेअरचे दोन केले, जे काही केले ते त्याच दिवशी तिथेच. २००८ साली ते गेले. त्यांचे चारशे शेअर आम्हा दोघा भावंडांत निम्मे-निम्मे झाले. पंचांगे भावाला नको होती, ती माझ्याकडे आली. तेव्हापासून समासात माझे अक्षर आहे. आजवर पस्तीस पंचांगे झाली.

कलम ३. माझे थोरले बंधू नीलकंठ विष्णुपंत आठल्ये यांचे सिहोऱ्याला बियाण्यांचे दुकान आहे. गेली पंधरा वर्षे ते लग्नामुंजीत, बारशात, आणि एकदा तर ग्वारीघाटावर आमच्या मावशीचे दहावे चालू असताना सांगत आले आहेत की, कंपनीचे आतले गुपित मला ठाऊक होते, मी ते त्यांच्यापासून लपवले आणि त्यात ते बुडाले. मागच्या महिन्यात ते टाइप केलेला कागद घेऊन आले. 'मी माहिती दडवली हे मान्य करते, आणि भरपाई म्हणून माझे सर्व शेअर बंधूंच्या नावे करते' असे त्यात आहे. खाली माझ्या सहीसाठी रेघसुद्धा मारून आणली होती. नातेवाइकांचा सल्ला असा की एकट्या बाईने एवढे कुणासाठी ठेवायचे, करून टाकावी सही. मी सही केलेली नाही, करणार नाही. माझ्यामागे कुणी तो कागद माझ्या सहीसकट दाखवला तर सही खोटी समजावी.

झाले ते असे. मंगळवार, २४ ऑगस्ट २०१०, श्रावण पौर्णिमा. दादा राखीसाठी सिहोऱ्याहून बसने आले होते, वहिनी बरोबर होती. आदल्या दिवशी भाव १,२१५ होता. त्या दुपारी बाजार बंद झाला तेव्हा टीव्हीवर २४२. दादांच्या हातातला पेढा तसाच राहिला. मी सांगितले की भाव पडलेला नाही. दहा रुपयांच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच शेअर झाले आहेत. आजपासून तुमचे दोनशे म्हणजे हजार. कंपनीचे पत्र दोघांनाही आले होते. दादांचे दुकानात खिळ्याला टोचलेले होते, न उघडता.

"काहून समजावून राहिली मला?" दादा म्हणाले. "तिकडे कंपनी बुडून राहिली न् तू इथे पोथी उघडून बसली."

मी समासात लिहिले: 'भाव २४२. एकाचे पाच. दादास सांगितले.' दादांनी ते वाचले, हसले, बाबांचे शाईपेन माझ्या हातातून घेतले आणि माझ्या ओळीखाली स्वतः लिहिले: 'अवंती चुकली. कंपनी बुडाली. – नी.'

गुरुवारी त्यांनी सिहोऱ्याचे धान्यव्यापारी गुणवंतशेठ यांना दोनशेचे दोनशे शेअर २४२ च्या दराने विकले. अठ्ठेचाळीस हजार चारशे. हस्तांतराच्या फॉर्मवर सही होताच गुणवंतशेठनी दादांना लस्सी पाजली. गुणवंतशेठनी दुकानातल्या खिळ्यावरचे कंपनीचे पत्र उघडले असावे. दोन लाख बेचाळीस हजारांचा माल गेला हे दादांना दिवाळीत कळले, आणि त्या दिवाळीपासून मी दोषी झाले.

ते पान मी पंधरा वर्षे कुणाला दाखवले नाही. दाखवले असते तर पंगतीत हसे झाले असते ते माझ्या भावाचे. त्यांना आपले अक्षर आपोआप आठवेल, अशी माझी समजूत होती. इथे मात्र दादा बरोबर आहेत, अवंती चुकली.

कलम ४. माझा भाचा वेदांग, नीलकंठ यांचा मुलगा, बंगळुरात कंप्युटरवर काम करतो. वडिलांच्या बाजूने पुरावा काढायला तो गणपतीत माझ्याकडे आला. इंटरनेटवरून कंपनीचे सगळे जुने भाव उतरवून आणले होते. पंचांगे पुढ्यात घेतली आणि आजोबांच्या शेवटच्या पंचांगाच्या पहिल्याच पानावर ते खोटे ठरले. समासात ८४०, तर पडद्यावर त्याच तारखेला ८४. त्याला मराठी कळते, बोलताना हिंदीत घसरतो. "आत्या, आजोबांचा एकही भाव मॅच नहीं हो रहा," म्हणाला. मी विचारले, आजोबांना खोटे लिहून कुणाला फसवायचे होते, चतुर्थीला की पंचमीला?

मग त्याला शिकवणी दिली, चहासकट. पंचांग ही संहिता आहे. त्या दिवशी बाजारात जो आकडा बोलला गेला, तोच तिथे आहे. पडद्यावरचे ते भाष्य. पुढे एका शेअरचे किती झाले ते ध्यानात घेऊन भाष्यकार मागचे सगळे आकडे भागून ठेवतो, म्हणजे १९९१ चा शेअर आणि आजचा शेअर एका मापाने मोजता येतो. वाढ किती झाली हे पाहायचे तर भाष्य बघावे. त्या दिवशी माणसाने काय पाहिले, काय देऊन काय घेतले, हे पाहायचे तर संहिता. दोन्ही खरी आहेत. एकीतला आकडा दुसरीत कोंबला की भांडण होते. २०१० साली एकाचे पाच झाले, २०१७ साली एकावर एक फुकट मिळाला. म्हणजे राखीच्या आदल्या दिवशीच्या १,२१५ ला दहाने भागायचे आणि राखीच्या २४२ ला दोनाने.

वेदांगने भागले. आदला दिवस १२१.५०, राखीपौर्णिमा १२१. पडद्यावरच्या आलेखावर त्याने बोट फिरवले. रेघ सपाट होती. ज्या खड्ड्यात त्याचे वडील पंधरा वर्षे पडून आहेत, तो खड्डा तिथे नव्हताच.

"आत्या," तो म्हणाला, "उस दिन तो कुछ गिरा ही नहीं."

मग ताळा करायला त्याने त्या दिवसाचे पंचांग उघडले आणि समासातले दुसरे अक्षर पाहिले. आपल्या बापाचा 'नी' तो लहानपणापासून प्रगतिपुस्तकावर पाहत आला आहे. जाताना पुरावा नेतोस का, असे मी विचारले. "नाही आत्या. तुम्हीच ठेवा," म्हणाला. सहीचा तो कागद मात्र त्यानंतर आला, म्हणजे घरी त्याचे काही चालले नसावे.

कलम ५. माझ्या नावावर सप्तधारा पंप्सचे दोन हजार शेअर आहेत. त्यांपैकी एक हजार नऊशे नव्याण्णव वेदांगला द्यावेत, पस्तीस पंचांगांसकट. हे नीलकंठ यांचा मुलगा म्हणून नव्हे, भागाकार केला म्हणून. अट एकच. एक वर्षभर रोजचा बंद भाव त्याने पंचांगाच्या समासात हाताने आणि मराठीत लिहावा. अक्षर कसेही चालेल, आजोबांचेही गिचमिडच होते. जुना आकडा खोडू नये. पुढे कितीही तुकडे झाले तरी त्याची नोंद नव्या दिवसापुढे करावी, मागे जाऊन नाही.

कलम ६. संस्कृत पुस्तके शाळेला. त्यांतल्या पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, त्या पुसू नयेत. अंत्यविधी ग्वारीघाटावर, थोडक्यात. मंत्र चुकणारा गुरुजी बोलावल्यास मी उठून बसेन. अंमलबजावणी माझी जुनी विद्यार्थिनी, वकील रुचिरा हिने करावी. व्याकरणात ती कच्ची होती, कायद्यात नाही.

कलम ७. माझे बंधू नीलकंठ यांना दोन वस्तू.

पहिली, उरलेला एक शेअर. एका शेअरचा मालकही मालकच असतो. कंपनीचे प्रत्येक पत्र आणि छापील वार्षिक अहवाल सिहोऱ्याच्या पत्त्यावर त्यांच्या नावाने येईल, अशी मागणी रुचिराने कंपनीकडे नोंदवावी. पत्र खिळ्याकडे जाण्याआधी वहिनीने उघडून वाचून दाखवावे. यापुढे कुणी सांगितले नाही असे म्हणायची सोय राहणार नाही.

दुसरी, बाबांचे शाईपेन. शाई भरून ठेवली आहे. २०१० चे पंचांग राखीपौर्णिमेच्या पानावर खूण घालून आधी दादांकडे न्यावे, नंतर वेदांगला द्यावे. दादांच्या ओळीखाली दोन बोटे जागा कोरी आहे. तिथे ते काय लिहितात ते मला वाचायला मिळणार नाही. तरी माझी ओळ खोडू नये, आणि आपलीही.

हे मी वाचून पाहिले. एकही शब्द बदलायचा नाही.

सही: अवंतिका विष्णुपंत आठल्ये

आम्हा दोघांच्या देखत त्यांनी सही केली, आणि आम्ही त्यांच्या देखत:
१. डॉ. आलोक दाणी, राइट टाउन. (लिहिणारी शुद्धीवर आहे. रक्तदाब माझ्यापेक्षा बरा.)
२. सत्यभामा केळकर, निवृत्त रेल्वे कर्मचारी, शेजारीण.

स्थळ: जबलपूर
मार्गशीर्ष पौर्णिमा, शके १९४७. गुरुवार, ४ डिसेंबर २०२५.
भाव ४१८. दादास सांगितले.